ओव्हनमधले भरलेले टोमॅटो बसतात, पाणी सुटतं: नेमकं कुठे बिघडतं?

मध्यंतरी एका रात्री जर्मनीहून भाचीचा फोन आला. "मावशी, परत बसले गं! आठच्या आठ टोमॅटो. ट्रेमध्ये नुसतं लाल पाणी, आणि वरचं चीज जळून काळं." तिचा हा तिसरा प्रयत्न होता. ओव्हन चांगला मोठा, टोमॅटो बाजारातून निवडून आणलेले, कृती मीच लिहून दिलेली. मी तिला एवढंच विचारलं, "सारणात काय काय घातलंस?"

"तुझंच पनीरचं सारण. फक्त दोन मुठी तांदूळ घातले, कच्चेच. माझी एक ग्रीक मैत्रीण तसेच घालते. मग तांदूळ शिजेनात, म्हणून वेळ वाढवत गेले."

तिच्या या उत्तरातच दुखणं होतं. त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच जणींशी बोलले, तर प्रत्येकीची तक्रार वरवर वेगळी: कुणाचा टोमॅटो फुटतो, कुणाचा बसतो, कुणाचं सारण आत थंडच राहतं, कुणाच्या ताटात पाण्याचं तळं होतं. खोदून विचारलं की बहुतेक वेळा मूळ एकच निघतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. गेली सात-आठ वर्षं मी हे टोमॅटो ओटीजीमध्ये, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, करते आहे आणि यातली प्रत्येक चूक माझ्या हातून होऊन गेली आहे.

दोन रीती, दोन घड्याळं

ओव्हनमध्ये भरलेले टोमॅटो करण्याच्या दोन वेगळ्या रीती आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळत नाहीत.

पहिली झटपट रीत. यात सारण आधीच पूर्ण शिजलेलं असतं, चमच्याने तसंच खाता येईल इतकं तयार. ओव्हनचं काम दोनच गोष्टी करायचं: टोमॅटोची भिंत जेमतेम मऊ करायची आणि वरचा थर खरपूस करायचा. १९० ते २०० अंश सेल्सिअस, १५ ते १८ मिनिटं. आपल्याकडे घरोघरी पनीर, मका, बटाटा, चीज घालून होतात ते याच रीतीचे. यात टोमॅटो ताटात उभा राहायला हवा आणि सुरीने कापल्यावर त्याच्या भिंतीची कड दिसायला हवी.

दुसरी संथ रीत भूमध्य समुद्राकाठची. ग्रीसमध्ये टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या एकाच ट्रेत भरून भाजतात. त्याला 'येमिस्ता' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'भरलेले'. आत तांदूळ, कांदा, पुदिना, पार्स्ली आणि सढळ हाताने ऑलिव्हचं तेल. रोममध्ये उन्हाळ्यात 'पोमोदोरी आल रिझो' करतात, म्हणजे तांदळाचे टोमॅटो. त्यांच्या भोवती ट्रेमध्ये बटाट्याच्या फोडी असतात. दोन्हीकडे तांदूळ कच्चाच भरला जातो आणि टोमॅटोच्या रसात तास-सव्वा तास शिजतो. इथे टोमॅटो बसतोच, किंबहुना बसायलाच हवा. साल सुरकुतते, कडा काळपट होतात, सगळा रस आटून तांदळात जिरतो आणि पदार्थ कोमट खाल्ला तर जास्त चांगला लागतो.

गोंधळ होतो तो एकीचं सारण आणि दुसरीचा वेळ घेतला की. पनीर भरलेला टोमॅटो तासभर ओव्हनमध्ये ठेवला तर पनीर रबरासारखं होतं आणि टोमॅटोचा लगदा. कच्चा तांदूळ भरून वीस मिनिटांत बाहेर काढला तर दाताखाली खडे येतात. भाचीने एकाच टोमॅटोत दोन्ही घड्याळं लावली होती. तेव्हा सुरुवात करण्याआधी ठरवा: आज कोणती रीत? ते ठरलं की पुढच्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

इथून पुढे आधी झटपट रीतीबद्दल लिहिते, कारण तक्रारी बहुतेक तिच्याच असतात.

टोमॅटो बसतो तो का?

टोमॅटोत शंभर ग्रॅमला ९४-९५ ग्रॅम पाणीच असतं. एवढं पाणी धरूनही फळ टणक राहतं, कारण त्याच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात. पेरूची जेली घट्ट होते ती याच पेक्टिनमुळे. भाजताना भिंत साधारण ८५ अंशांच्या पुढे तापली की हे पेक्टिन विरघळायला लागतं, पेशी सुट्या होतात आणि त्यांच्यातलं पाणी मोकळं होतं. फळ जितकं जास्त पिकलेलं, तितकं हे काम झाडावर आणि टोपलीत आधीच उरकलेलं असतं.

याचा अर्थ एवढाच की भिंत एकदा तापली की तुमच्या हातात मोजकी मिनिटं असतात. त्या मिनिटांत आतलं सारण गरम झालं तर जिंकलं. नाही झालं, तर तुम्ही सारणासाठी थांबता आणि तेवढ्यात टोमॅटो बसतो.

मला हे कळायला बराच काळ गेला. मी सारण आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवायची, सकाळी तसंच गार भरायची आणि ओव्हनला दोष द्यायची. पंधरा मिनिटांनी टोमॅटो छान दिसायचे, पण चमचा घातला की आत गारढोण. अजून दहा मिनिटं ठेवले की ट्रेमध्ये पाणी. ज्या दिवशी कढईतलं वाफाळतं सारण तसंच भरलं, त्या दिवशी पहिल्यांदा सहाही टोमॅटो उभे राहिले. दुसरा काहीही बदल केला नव्हता. या लेखातली एकच गोष्ट करून बघणार असाल तर ही करा: सारण गरम भरा. आदल्या दिवशीचं असेल तर कढईत पुन्हा चांगलं तापवून भरा.

बाजारात उभं असताना

आमच्या नाशकात टोमॅटोला तोटा नाही. पिंपळगाव बसवंतचा बाजार जवळ, आणि पुणे जिल्ह्यात नारायणगावचा. या बाजारांतून शहरात येणारा माल बहुतेक संकरित असतो: लांबटगोल, जाड भिंतीचा, क्रेटमधला प्रवास सोसणारा. भरायला तोच घ्या. त्याला चव नाही अशी तक्रार आपण नेहमी करतो आणि सारासाठी ती खरीही आहे, पण भरायच्या टोमॅटोत भिंत महत्त्वाची. तो आडवा कापला तर आत दोन-तीनच मोठे कप्पे दिसतात, गर सहज निघतो आणि मागे नीट वाटी उरते. गावठी टोमॅटो चपटा, घड्यांचा, आंबट आणि रसरशीत असतो. त्याच्या आत बारीक बारीक कप्प्यांची जाळी असते. ती कोरून काढली की भिंतीत काही उरत नाही.

रंग लाल हवा, पण बोटाने हलकं दाबलं तर दबायला नको. देठाकडे थोडी केशरी छटा असेल तर फारच उत्तम. वजनाला एकेक १०० ते १३० ग्रॅम, आणि सगळे साधारण एका मापाचे, नाहीतर लहान बसतात तेव्हा मोठे कच्चे असतात.

देठाजवळ बारीक चिरा आहेत का, ते मात्र उलटसुलट करून बघाच. पावसाळ्यात झाडाला एकदम भरपूर पाणी मिळालं की फळ फुगतं आणि साल तडकते. ती चीर बाजारात सुकलेली, निरुपद्रवी दिसते, पण ओव्हनमध्ये टोमॅटो तिथूनच उकलतो. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या पुढे गेले होते, तेव्हा पाहुणे येणार म्हणून मी जे मिळाले ते पावसाळी टोमॅटो आणले आणि त्यांतले निम्मे ट्रेमध्येच उकलले. त्या दिवसांत तेवढ्याने जीव हळहळला. तेव्हापासून भर पावसाळ्यात मी हा पदार्थ करत नाही. त्या महिन्यांत ढोबळी मिरची भरते. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे टोमॅटो याला सगळ्यांत चांगले.

भाचीला तिकडे 'रिस्पेनटोमाटेन' म्हणून वेलीसकट गुच्छात येणारे टोमॅटो मिळतात, तेच ती आणत होती. दिसायला देखणे, पण आत रसच रस. मी तिला 'फ्लाइशटोमाटेन' आणायला सांगितले. नावातच 'मांसल' आहे. परदेशात असाल तर तिथला गुबगुबीत, जाड गराचा प्रकार शोधा. मात्र ते आकाराने मोठे असतात, त्यामुळे पाच-सात मिनिटं जास्त लागतात.

कोरणं, मीठ लावणं, पालथं घालणं

पाण्याची लढाई ओव्हनच्या बाहेरच जिंकावी लागते, म्हणून इथे घाई करू नका.

आपण सवयीने देठाकडून टोपी कापतो. मी आता उलटं करते. टोमॅटो देठावर उभा करते आणि बुडाची बाजू कापते. देठाकडचा भाग फळात सगळ्यांत कडक असतो आणि तिथे बहुतेक वेळा सपाट बैठकही मिळते. टोमॅटो त्यावर ठाम बसतो, आणि शेवटपर्यंत टिकणारा भाग तळाला राहतो. देठ काढा, पण त्याखालचा पांढरट गाभा कोरून काढू नका. तो गेला की तळाला भोक पडतं आणि सगळा रस तिथून झरतो.

गर चहाच्या चमच्याने काढा, सुरीने नाही. आधी कडेने चमचा गोल फिरवून कप्प्यांचे पडदे सोडवा, मग एकदम उचला. भिंत ६ ते ८ मिलिमीटर राहायला हवी, म्हणजे करंगळीच्या नखाच्या रुंदीपेक्षा किंचित कमी जाड. पातळ झाली तर कोसळणार. जाड राहिली तर कोसळत नाही, पण सारण कमी मावतं आणि घासात कच्चट टोमॅटो लागतो.

मग प्रत्येकाच्या आत चिमूटभर मीठ बोटाने चोळायचं आणि जाळीवर पालथे घालायचे, २० ते २५ मिनिटं. मीठ भिंतीतलं पाणी ओढून बाहेर काढतं. वांग्याच्या कापांना मीठ लावतो तेच इथे. एकदा मी जाळीखाली ताटली ठेवून मोजलं: सहा टोमॅटोंखाली तीन मोठे चमचे पाणी जमलं होतं. एरवी हे सगळं सारणात आणि ट्रेमध्ये उतरलं असतं. पण तासन् तास ठेवू नका. अर्ध्या तासाच्या पुढे भिंत लिबलिबीत व्हायला लागते. सकाळी कोरून, मीठ लावून संध्याकाळी भरायचे, हा बेत कधीच जमत नाही. आधी तयारी करायचीच असेल तर सारण करून ठेवा, टोमॅटो ऐनवेळी कोरा. आणि पालथे घातले ते सुलटे करताना आतून स्वच्छ कापडाने टिपून घ्या. सारणात मीठ घालताना हे मीठही धरायचं, नाहीतर खारट होतं.

एवढं करूनही भाजताना थोडं पाणी सुटतंच. ते तळाशी प्यायला कोणीतरी हवं. परदेशी कृतींमध्ये पावाचा चुरा असतो. मला आपले जाडे पोहे जास्त आवडले. कोरडे भाजून हाताने चुरायचे आणि प्रत्येक टोमॅटोच्या तळाशी एक चहाचा चमचा घालायचे. ते पाणी पिऊन मऊ होतात आणि सारणाचाच भाग बनतात, वेगळे कळतही नाहीत. भाजलेलं बेसन घालून पाहिलं, त्याचं तळाशी चिकट पिठलं होतं. दाण्याचं कूट चवीला सुरेख, पण पाणी फारसं पीत नाही. थालीपीठाची भाजणी चालते, फक्त अर्धाच चमचा आणि आधी तुपावर परतून घेतलेली.

सारणच पाणी सोडत असेल तर

कांदा, मशरूम, पालक, किसलेली कोबी, सगळ्या भाज्या मीठ पडलं की पाणी सोडतात. कढईत ते आटेपर्यंत परतलं नाही तर उरलेलं पाणी टोमॅटोच्या आत सुटतं आणि दोष टोमॅटोच्या माथी येतो. साधी खूण अशी: कढईत सारणातून कालथा ओढल्यावर तळ दोन क्षण कोरडा दिसला पाहिजे. लगेच ओल भरून आली तर अजून परता.

सहा टोमॅटोंना माझं प्रमाण: दीडशे ग्रॅम पनीर हाताने चुरलेलं, एक मध्यम उकडलेला बटाटा, अर्धी वाटी उकडलेले मक्याचे दाणे, एक कांदा, आलं-लसूण-मिरचीचा चमचाभर ठेचा, कोथिंबीर. कांदा तेलावर गुलाबी झाला की कोरलेल्या गरातला साधारण दोन टोमॅटोंचा गर घालून पूर्ण आटवते, जॅमसारखा घट्ट होईपर्यंत. ही पायरी गाळू नका. टोमॅटोतली खरी चव बियांभोवतीच्या या चिकट गरात असते. भिंतीपेक्षा आंबटपणाही त्यात जास्त आणि ती खमंग, जिभेवर रेंगाळणारी चवही. सगळा गर काढून टाकला की वरून टोमॅटो पण घासात टोमॅटोच नाही, असं होतं. सारण मिळमिळीत लागतं अशी तक्रार येते तिचं कारण बहुधा हेच.

बटाटा मात्र पूर्ण उकडलेलाच हवा. डाळ शिजायच्या आधी चिंच घातली की डाळ शिजत नाही, हे आपल्याला आजीपासून ठाऊक आहे. आंबटात पेक्टिन लवकर विरघळत नाही, आणि टोमॅटोचा रस आंबटच. अर्धवट उकडलेली फोड त्यात तशीच कडक राहते.

पनीर वितळत नाही, त्यामुळे ते सारणाला धरून ठेवतं. चीज वितळतं, तेल सोडतं, म्हणून सारणात थोडंच आणि बाकीचं वर. सारण दाबून ठासू नका. टोमॅटोच्या काठापर्यंत सैलसर भरा, वर अगदी छोटा डोंगर चालेल. ठासून भरलेल्या टोमॅटोत वाफेला जागा राहत नाही आणि ती भिंत फाडून निघते.

भांडं

टोमॅटो एकमेकांना खेटून बसतील असंच भांडं घ्या. मोकळ्या ट्रेमध्ये प्रत्येक टोमॅटो एकटा उभा असतो, आणि मऊ झाला की चारी बाजूंना पसरायला मोकळा. खेटून ठेवले की एकमेकांना आधार देतात. भांडं मोठं असेल तर मधल्या जागांत कांद्याच्या जाड चकत्या अडकवते. त्या रसात छान भाजल्या जातात आणि आमच्याकडे आधी त्याच संपतात. दोन-तीनच टोमॅटो करायचे असतील तर स्टीलच्या छोट्या वाट्यांत एकेक ठेवा. कपकेकचा साचाही चालतो.

उघड्या अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये थेट ठेवू नका. आंबट रसाने त्यावर डाग पडतात आणि टोमॅटोला धातूची चव लागते. ओव्हनमध्ये चालणारं काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं चांगलं. काचेचं भांडं गरम असताना ओल्या ओट्यावर ठेवू नका, तडकतं. खाली कोरडा नॅपकिन पसरा.

भांड्याला आणि टोमॅटोच्या सालीला बाहेरून तेलाचा हात लावा. साल तरीही थोडी सुरकुतते, एखाद्या ठिकाणी उकलते. भिंत शाबूत असेल तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तो दोष नाही.

ओव्हनचं ऐकायचं की नाही

घरगुती ओटीजीच्या खटक्यावर लिहिलेलं तापमान आणि आतलं तापमान यांत बराच फरक असू शकतो. माझ्यात तो वीस अंशांचा निघाला, कमी बाजूला. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तापमापक मिळतो, तो घेणं उत्तम. नसेल तर साखरेवर अंदाज घेता येतो. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर घालून, पूर्ण तापलेल्या ओव्हनमध्ये १७५ वर १५ मिनिटं ठेवा. ती तशीच कोरडी राहायला हवी. मग खटका १९५ वर नेऊन, ओव्हन तेवढा तापू देऊन, आणखी १५ मिनिटं ठेवा. आता ती वितळायला हवी. १७५ वरच वितळली तर तुमचा ओव्हन सांगतो त्यापेक्षा जास्त तापतो. १९५ वरही तशीच राहिली तर कमी तापतो. वितळलेली साखर भयंकर भाजते, वाटी पकडीने धरा आणि ओव्हन निवल्यावरच बाहेर काढा.

कमी तापणारा ओव्हन टोमॅटोला फार वाईट. वरचा थर रंग धरत नाही म्हणून आपण थांबत राहतो, आणि तेवढ्यात टोमॅटो हळूहळू शिजून पाणी सोडतो. ओव्हन आधी १५ मिनिटं तापवलाच पाहिजे, आणि दर तीन मिनिटांनी दार उघडून बघायचं नाही. काचेतून बघा.

चीज जळतं आणि टोमॅटो कच्चा राहतो, ही लहान ओटीजीवाल्यांची तक्रार. तिथे वरचा रॉड टोमॅटोपासून चार बोटांवर असतो. जाळी सगळ्यांत खालच्या खाचेत ठेवा, पहिली १२ मिनिटं चीजशिवाय भाजा, मग चीज आणि थोडा पावाचा चुरा पसरून शेवटची चार-पाच मिनिटं ठेवा, हवं तर त्यातली दोन फक्त वरच्या रॉडवर. चीज आणि चुरा एकत्र मिसळला की चीज लवकर जळत नाही आणि वर कुरकुरीत पापुद्रा येतो.

पंख्याचा ओव्हन असेल तर तापमान २० अंशांनी उतरवा. भाचीचा ओव्हन त्यांच्या 'उमलुफ्ट'वर, म्हणजे पंख्यावरच लावलेला होता आणि ती माझे २०० अंश तसेच ठेवत होती. तिचं चीज जळायचं कारण तेच.

मायक्रोवेव्ह-कन्व्हेक्शन ज्यांच्याकडे आहे त्यांनी फक्त कन्व्हेक्शन वापरा. मायक्रोवेव्हच्या लहरी थेट टोमॅटोतल्या पाण्यालाच तापवतात, त्यामुळे भिंत आतून उकळते आणि खरपूस तर काहीच होत नाही. दोन्ही एकत्र चालणारा प्रकारही इथे टाळा. एअर फ्रायरमध्ये १८० वर ९-१० मिनिटांत सुंदर होतात. वरचा चुरा तेवढा वाऱ्याने उडतो, म्हणून तो तेलात कालवून घट्ट दाबून लावा. गॅसवर कढईत झाकण ठेवून करायचे असतील तर ते वाफवलेले होतात. चवीला चांगले, पण पाणी सुटणारच. तिथे दाणे-खोबऱ्याचं सारण भरून रश्श्यातली आपली भरली टोमॅटोची भाजीच करावी.

बाहेर काढल्यावर पाच-सहा मिनिटं हात लावू नका. एवढ्यात भिंत थोडी सावरते आणि सारण रस पुन्हा ओढून घेतं. मग रुंद उलथन्याने खालून उचला. चिमट्याने कड धरून उचललेला टोमॅटो हमखास फाटतो.

संथ रीतीच्या अडचणी

तांदळाच्या टोमॅटोत तक्रार एकच असते: वरचे दाणे कच्चे. कारण वरच्या दाण्यांपर्यंत रस पोचतच नाही. रोमच्या पद्धतीत गर चाळणीतून दाबून त्याचा रस काढतात, त्यात तेल, मीठ, लसूण, तुळशीच्या जातीचं बेझिल घालून तांदूळ तासभर त्यातच भिजत ठेवतात. मी बेझिलच्या जागी पुदिना घालते. भिजलेला तांदूळ रसासकट भरायचा, टोमॅटोच्या पाऊण भागापर्यंतच, कारण तो फुगतो. तिकडच्या दोनशे ग्रॅमच्या टोमॅटोला दोन मोठे चमचे तांदूळ लागतो, आपल्या सव्वाशे ग्रॅमच्या टोमॅटोला एकच पुरतो. तिकडे आखूड, जाड दाण्याचा तांदूळ वापरतात. आपल्याकडे इंद्रायणी त्याला जवळचा आहे. बासमती घेतला तर दाणे वेगवेगळे आणि रुक्ष राहतात.

इथे कापलेली चकती टोपीसारखी वर ठेवायचीच. झटपट रीतीत ती वाफ अडवते म्हणून नको, आणि इथे वाफ अडवायलाच हवी. १८० अंशांवर पहिली ४० मिनिटं ट्रेवर फॉइल, मग काढून आणखी २५ ते ३५ मिनिटं. मीठ लावून पालथं घालण्याची इथे काहीच गरज नाही. जे पाणी पहिल्या रीतीत शत्रू, तेच इथे तांदूळ शिजवणार आहे. थोडा जास्त पिकलेला टोमॅटोही चालतो. भोवती बटाटे ठेवणार असाल तर आधी अर्धेकच्चे उकडून, तेल-मीठ चोळून ठेवा, नाहीतर आंबट रसात ते तासाभरानेही कडक राहतात. आणि तेलाला हात आखडू नका. कोरडे, तोठरा बसणारे तांदळाचे टोमॅटो बहुतेक तेल कमी पडल्यामुळे होतात.

भाचीने पुढच्या रविवारी ही रीत केली, मैत्रिणीला शेजारी उभं करून. फोटोत टोमॅटो चांगलेच बसलेले होते, कडा काळसर, ट्रेमध्ये थेंबभर पाणी नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात पनीरचे केले, मांसल टोमॅटो आणून, सारण गरम भरून, १८० वर २२ मिनिटं. आठांतले सात उभे होते. आठव्याचा तळ कोरताना फाटला होता, हे तिनेच सांगितलं.

राहिला उरलेला गर. टोमॅटो ओव्हनमध्ये गेले की लगेच त्याचं सार टाकते. गर मिक्सरमधून काढून गाळायचा, जाळीखालचं खारट पाणीही त्यातच, म्हणून मीठ शेवटी चव बघून. अर्धी वाटी नारळाचं दूध, गुळाचा खडा, आणि तुपात जिरं, कढीपत्ता, सुक्या लाल मिरचीची फोडणी. नारळाचं दूध घातल्यावर उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर सार फाटतं. ओव्हनची घंटा वाजेपर्यंत ते तयार असतं.